साबाकर

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत टँकरच्या बिलावरून दोन सभ्य गृहस्थ एकमेकांच्या वाडवडिलांपर्यंत पोचले होते. 'शांत व्हा, शांत व्हा' म्हणत सेक्रेटरी स्वतःच ओरडत होता. रात्रीचे नऊ वाजलेले, डास चावतायत, चहा गार झालेला. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीतून अत्यंत संथ आवाज आला, "तिथे आत्ता सकाळचे साडेअकरा वाजलेत."

भांडण थांबलं. अशा वाक्याशी भांडायचं कसं, हेच कुणाला सुचेना.

ही माणसं तुम्हाला माहीत आहेत. प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक ऑफिसात, लग्नाच्या प्रत्येक पंगतीत एक तरी असतोच. त्याला कुठेतरी जायचं असतं. 'जमलं तर बघू' असं नव्हे, पद्धतशीर जायचं असतं, आणि वर्षानुवर्षं त्याची तयारी चाललेली असते. कुणाचं लडाख असतं, कुणाची नर्मदा परिक्रमा. आमच्या नशिबी आलेल्या गृहस्थांचं ठिकाण निघालं थेट कॅरिबियन समुद्रात. साबा नावाचं बेट. क्षेत्रफळ १३ चौरस किलोमीटर, वस्ती २००० च्या आसपास. ठाण्यात आमच्या एका गल्लीत याहून जास्त माणसं राहत असतील, आणि ती सगळी सकाळी एकदमच गाडी बाहेर काढतात.

दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं आडनाव आहे, पण ते आता वीजबिलापुरतंच उरलंय. इस्त्रीवाला गाठोड्यावर 'साबाकर' लिहितो. कुरिअरवाला 'साबाकर कुठे राहतात?' विचारत येतो. खुद्द वहिनी एकदा गॅसवाल्याला फोनवर 'साबाकर बोलतेय' म्हणाल्या आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला.

तर साबा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. ही माहिती तुम्हाला जन्मात लागायची नाही. मला ती झोपेतून उठवून विचारलीत तरी सांगता येते, कारण हा माणूस आमच्या समोरच्या दारात राहतो. त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असतात. डाव्या हातावर मुलानं दिलेलं डिजिटल, ते ठाण्याचं. उजव्या हातावर लग्नातलं किल्लीचं एचएमटी, ते साबाचं. रोज सकाळी दूध घ्यायला दार उघडतात तेव्हा उजवं मनगट पोटाशी धरून त्या एचएमटीला किल्ली देत असतात. ठाण्याच्या घड्याळाकडे त्यांनी आपण होऊन बघितल्याचं मला आठवत नाही.

सकाळी साडेसहाला पाणी येतं. त्या अर्ध्या तासात माणूस माणसाला ओळखत नाही. बादल्या, पिंपं, मोटरचा खटका, वरच्या मजल्यावरून 'आमचा नळ बंद झाला' अशा आरोळ्या. त्यात हे जिन्यात उभे. "तिथे अजून काल रात्रीचे नऊच वाजलेत हां." म्हणजे आम्ही काय करावं? गणपतीत संध्याकाळी आठची आरती. 'घालीन लोटांगण'ला सगळे गरगर फिरतायत आणि हे फिरता फिरता सांगतात, "साडेदहा. नाश्ता उरकला असेल त्यांचा."

माझ्या भाचीच्या लग्नाचा मुहूर्त होता ११ वाजून ४७ मिनिटांचा. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, मुठीत अक्षता घेऊन लोक टपलेले. साबाकरांनी उजवं मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि शेजारच्या अनोळखी पाहुण्याला हळूच सांगितलं, "पहाटेचे दोन सतरा." पाहुणा मुलाकडचा. त्याची समजूत झाली, मुलीकडच्यांनी पहाटेचाही एक मुहूर्त काढून ठेवलाय आणि तो लपवलाय. हे त्यानं मुलाच्या थोरल्या काकांच्या कानात सांगितलं. काकांनी मुलाच्या आईच्या. जेवणाच्या पंगतीपर्यंत मुलीकडे पहाटे नक्की काय विधी झाला याची चौकशी सुरू झाली होती, आणि माझी बहीण आजतागायत मला विचारते, "त्या माणसाला बोलावलं कुणी होतं?"

पण कळस झाला ३१ डिसेंबरला. गच्चीवर पावभाजी, लाऊडस्पीकर, पोरांचा धिंगाणा. बाराच्या ठोक्याला सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. साबाकर खुर्चीतून हलले नाहीत. "दुपारचे अडीच वाजलेत," ते म्हणाले, "अजून साडेनऊ तास आहेत. कशाला घाई?" आम्ही हसलो आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर साडेनऊला, अख्खी इमारत उशीखाली डोकं घालून पडलेली असताना, एकेका दाराची बेल वाजत गेली. दारात इस्त्रीचा शर्ट घातलेले साबाकर, हातात जिलबीचा पुडा. "नव्या वर्षाच्या शुभेच्छा! आत्ता लागलं." चौथ्या मजल्यावरच्यांनी त्यांच्याशी बोलणं अजून नीटसं सुरू केलेलं नाही.

हे खूळ आलं कुठून? १९७१ साली साबाकर शाळकरी होते. वाडेकरचा संघ वेस्ट इंडीजला गेला, पोर्ट ऑफ स्पेनला जिंकला, सरदेसाईंनी मालिकेत ६४२ धावा काढल्या आणि गावसकरनं पदार्पणातच चार कसोटींत ७७४. त्या पिढीला किंग्स्टन, ब्रिजटाउन, जॉर्जटाउन ही गावं भूगोलाच्या मास्तरांनी शिकवलीच नाहीत, ती गावसकरनं शिकवली. साबाकर वर्तमानपत्राची कात्रणं वहीत चिकटवत आणि नकाशात ती गावं हुडकत. एकदा बोट घसरलं आणि एका ठिपक्यावर थांबलं. माणसाचं बोट बार्बाडोसवर थांबलं असतं तर निदान कसोटी सामना तरी बघून आला असता. ह्यांचं थांबलं ते अशा बेटावर, जिथे सपाट जागेचीच मारामार. साबा म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी. माथ्याची उंची ८८७ मीटर. आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडी जास्त, पण नेदरलँड्सचं सर्वोच्च शिखर म्हणून मिरवायला तेवढी पुरते, कारण हे बेट १० ऑक्टोबर २०१० पासून नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे. डच लोकांना उंची बघायची तर ॲटलांटिक ओलांडून यावं लागतं, हे सांगताना साबाकरांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो स्वतःच्या मुलाच्या बारावीच्या निकालाला दिसला नव्हता.

तिथल्या विमानतळाबद्दल त्यांना विचारू नये. जेवायला बसलेले असाल तर मुळीच विचारू नये. धावपट्टी ४०० मीटर. प्रवासी विमानांच्या धावपट्ट्यांमध्ये जगात सर्वात आखूड म्हणून तिची ख्याती. हे नुसतं सांगून त्यांचं भागत नाही. आमटीची वाटी म्हणजे डोंगर, पोळ्यांचा डबा म्हणजे सेंट मार्टिन, मधे ताटाची कड म्हणजे धावपट्टी, आणि चमचा म्हणजे एकोणीस आसनांचं ट्विन ऑटर. "सेंट मार्टिनहून निघालं. पंधरा मिनिटांचा प्रवास. समोर नुसता कडा. आता आपटणार, आता आपटणार, आणि डावीकडे वळून..." चमचा ताटाच्या कडेवर उतरतो. दोन्ही टोकांना खाली समुद्र, म्हणजे आमचं टेबलक्लॉथ. "आणि गंमत म्हणजे पट्टीच्या दोन्ही टोकांना भल्यामोठ्या फुल्या रंगवल्यात. इथे उतरू नये अशी खूण. आणि विमानं रोज उतरतात!" १९५९ च्या फेब्रुवारीत गावकऱ्यांनी दगडधोंडे हातानं उचलून जागा सपाट केली आणि रेमी द हेनन नावाच्या वैमानिकानं तिथे पहिल्यांदा विमान उतरवून दाखवलं. विमानतळ झाला १९६३ ला. चमच्याच्या त्या प्रात्यक्षिकात आमच्या मुलीनं विचारलं, "काका, ब्रेक लागला नाही तर?" साबाकरांनी चमचा थोडा पुढे सरकवला. तो आमटीत गेला. टेबलक्लॉथवरचा डाग अजून आहे.

आता मुख्य मुद्दा. कॅरिबियन बेट म्हटलं की तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे पांढरी वाळू, निळं पाणी आणि नारळाला टांगलेली झोळी येते. साबाला पुळण नाही. कडे सरळ समुद्रात उतरतात, विषय संपला. एक आहे, वेल्स बे नावाच्या कोपऱ्यात, पण ती फिरतीवर असते. उन्हाळ्याच्या तोंडाला समुद्र वाळू आणून टाकतो, थंडीतल्या उधाणात परत घेऊन जातो. लोक साबाला जातात ते पाण्याखाली बुड्या मारायला, नाहीतर डोंगर चढायला. साबाकरांना पोहता येत नाही आणि त्यांचे गुडघे जिन्यालाच कुरकुरतात. मग हेच बेट का? तर त्यांना वाळू आवडत नाही. चपलेत जाते. गणपतीपुळ्याला हा माणूस बूटमोजे घालून किनाऱ्यावर उभा राहिला होता, फोटो आहे.

पुढची गंमत अशी, की ज्या बेटावर पुळण नाही म्हणून ते निवडलं, तिथल्या त्या एकुलत्या एक पुळणीवर सहलीची तारीख अडली. "इतक्या लांब जायचं आणि आहे तेवढीसुद्धा बघायची नाही?" हा त्यांचा युक्तिवाद.

सहलीचा आराखडा कागदावर आहे. लोक एक्सेल करतात, फोनवर ॲपं टाकतात. साबाकर एका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते, रस्ते आखायच्या विभागात. त्यामुळे त्यांची सहल ट्रेसिंग पेपरवर आहे, रोटरिंग पेनानं काढलेली, गुंडाळून कपाटामागे उभी. उघडली की दिवाणभर पसरते आणि चारी कोपऱ्यांवर वहिनींचे मसाल्याचे डबे ठेवावे लागतात. मुंबईहून ॲमस्टरडॅम, ॲमस्टरडॅमहून सेंट मार्टिन, तिथून ते चमच्याचं विमान. विमानतळावर जिथे थांबावं लागेल तिथे बाकं कुठे आहेत, स्वच्छतागृह किती पावलांवर, हेही दाखवलंय. उजव्या कोपऱ्यात खाली सरकारी नकाशाला असते तशी चौकट: 'प्रस्तावित सहल, मौजे साबा.' 'आरेखन' यापुढे त्यांची सही. 'तपासले' यापुढे वहिनींची, लाटणं ठेवून केलेली, कारण तिच्यावर पिठाचं बोट उमटलंय. 'मंजूर' यापुढे कोरं. सुधारणांचे आकडे वाढत वाढत चौकटीबाहेर गेले आहेत.

आणि बारा महिन्यांचा तक्ता. जून ते नोव्हेंबर आडव्या रेघांनी भरलेला: वादळांचा हंगाम. त्यात २०१७ च्या सप्टेंबरला लाल त्रिकोण, कारण त्या महिन्यात इर्मा वादळानं सेंट मार्टिनच्या विमानतळाची दैना केली आणि साबाकर आठवडाभर नीट जेवले नव्हते. डिसेंबरला 'भाडे' असा शेरा. जानेवारी ते मार्च 'वाळू नाही'. एप्रिलला 'वाळू अनिश्चित'. मे महिन्याच्या रकान्यात नुसती फुली. शेरा नाही. मी एकदोनदा विचारलं, तर त्यांनी मसाल्याचा डबा त्या रकान्यावर सरकवला.

व्हिसाचीही कथा आहे. साबा नेदरलँड्सचा, पण शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. राज्य डचांचं, पण चलन अमेरिकन डॉलर. हे सगळं त्यांनी एका व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या मुलीला इतकं छान समजावून सांगितलं, की तिनं वही काढून लिहून घेतलं आणि मग विचारलं, "सर, अर्ज कधी करताय?" साबाकर म्हणाले, "आत्ता नुसता अंदाज घेतोय." पासपोर्ट मात्र कायम तयार. मुदत संपते, कोपरा कापून जुना परत येतो, नवा येतो, तोही तसाच कोरा म्हातारा होतो. वहिनींनी ते कोपरा कापलेले पासपोर्ट एका रबरात बांधून देवघराच्या खणात ठेवलेत. विकून भांडी येणार नाहीत आणि टाकवतही नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

हसायचं तर हसा, पण तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं 'युरोप करून' आलं त्या संध्याकाळची गोष्ट ऐका. टीव्हीला फोन जोडून फोटोंचा कार्यक्रम होता. आठ देश, अकरा दिवस. "हे प्राग. नाही नाही, थांबा, इथे मी निळा स्वेटर घातलाय, म्हणजे व्हिएन्ना." बाईंना शहरं स्वेटरांवरून आठवत होती. नवऱ्याला जेवणावरून: कुठे वरणभात मिळाला, कुठे नुसतंच पनीर. एका पुलाच्या फोटोवर दोघांत एकमत होईना, तेव्हा 'कुठलातरी फेमस' यावर तडजोड झाली. साबाकर सगळं मन लावून बघत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "त्या पुलावर वारा कुठून येत होता?" खोलीत शांतता. मग नवरा म्हणाला, "काका, एसी बस होती." साबाकर उठले, चपला घातल्या आणि दारातून, अगदी दयाळूपणे, "तिथे आत्ता पावणेबारा," असं सांगून गेले.

वहिनींचं म्हणाल तर त्या या सगळ्याला विरोध करत नाहीत, हेच मला आधी नवल वाटायचं. साबाच्या बायका कापडाचे दोरे ओढून काढून जाळीची नक्षी विणतात. १८७० च्या दशकात एक मुलगी व्हेनेझुएलातल्या कॉन्व्हेंटमध्ये ती कला शिकून आली आणि पुढे बेटावरच्या बायका घरबसल्या टपालानं अमेरिकेत माल विकू लागल्या. नवऱ्यांची गलबतं महिनोन्महिने समुद्रात, आणि इथे पोस्टाच्या थैल्या भरून चाललेल्या. साबाकरांनी त्या नक्षीचे नमुने छापून आणले. वहिनींनी जुन्या सुती साडीच्या काठावर करून बघितली, मग उशीच्या अभ्र्यावर, आणि आता भिशीतल्या निम्म्या बायकांच्या टीव्हीवर 'साबाची जाळी' आहे. मी त्यांना एकदा थेट विचारलं, "वहिनी, जायचं आहे का तुम्हाला?" त्या हातातला दोरा तोडत म्हणाल्या, "जाऊ की. पण तिथे गेल्यावर हे काय सांगणार, माहितीये? 'ठाण्यात आत्ता पाणी गेलं.'"

इथवर मी हे गृहस्थ समोरच्या दारात नसते तर बरं, या मताचा होतो. अजूनही अधूनमधून असतो, विशेषतः साडेसहाला.

पण मागे आईला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. दिवसा माणसं मिळतात, रात्रीचं कुणी मिळत नाही. पहिल्या दोन रात्री मी काढल्या आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसात उभ्या उभ्या डुलक्या घेऊ लागलो. त्या रात्री अकराला साबाकर थर्मास घेऊन वॉर्डाच्या दारात हजर. "जा तू घरी. मला काय, तिथे दुपारचा दीड वाजलाय. जेवणं झालीत, बसतो निवांत." मी नको नको म्हटलं. त्यांनी उजवं मनगट माझ्या नाकासमोर धरलं. पुरावाच होता, काय बोलणार?

ते रोज येत राहिले. सकाळी मी गेलो की नर्स हसायची. रात्री दोनला तिनं सलाईन बदललं तेव्हा काकांनी 'साडेचार, चहाची वेळ' असं सांगून तिला थर्मासातला चहा दिलेला असे. वॉर्डबॉयला धावपट्टी पाठ झाली होती. आणि आई, जी दिवसा ग्लानीत असायची, ती रात्री जागी झाली की "किती वाजले?" विचारायची. रात्री तीनला जागं असलेल्या माणसाला तीन वाजलेत हे ऐकणं नको असतं. हे तिला सांगायचे, "मावशी, साडेपाच. संध्याकाळ झाली. तांबड्या कौलांवर उन्हं आहेत अजून." तिथे घरांच्या भिंती पांढऱ्या आणि छपरं सगळी तांबडी. आई परत झोपायची.

एका रात्री मला घरी झोप येईना म्हणून तीनच्या सुमाराला मीच गेलो. बाकावर साबाकर औषधांच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं काहीतरी काढत होते. रस्ता. साबाचा रस्ता, मी ओळखला, कारण त्याची गोष्ट मी हजार वेळा ऐकली होती. त्या बेटावर रस्ता नव्हता. बोटीतून उतरलेली प्रत्येक वस्तू खडकात खोदलेल्या ८०० पायऱ्यांवरून माणसं डोक्यावर वाहून नेत. पियानोसुद्धा, म्हणतात. डच इंजिनिअरांनी कडे बघितले आणि इथे रस्ता होणे नाही असा निकाल दिला. तेव्हा जोसेफस लँबर्ट हॅसेल नावाच्या तिथल्याच एका माणसानं टपालानं इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम मागवला, पुस्तकं वाचली आणि गावकरी हाताशी धरून रस्ता बांधायला घेतला. १९३८ ला सुरुवात. १९४३ ला धक्क्यापासून राजधानीपर्यंतचा टप्पा झाला, १९४७ ला बेटावर पहिली गाडी आली आणि १९५८ ला रस्ता पुरा झाला. यंत्र नाही, सगळं हातानं. साबाकर त्यांना 'लँबर्टराव' म्हणतात, आणि तेही आपल्याच खात्यातून सन्मानानं निवृत्त झालेल्या वरिष्ठाबद्दल बोलावं तसं.

बिलावर लँबर्टरावांचा रस्ता होता, आणि त्याच्या शेजारी दुसरा. यालाही वळणं होती, चढ होता, पण खाली समुद्र नव्हता. "हा कुठला भाग?" मी विचारलं.

"हा तिथला नाही."

मग बऱ्याच वेळानं, पेन्सिलीला टोक करत करत सांगितलं. नोकरीला लागले त्या सुरुवातीच्या काळात सह्याद्रीतल्या एका वाडीच्या सर्व्हेला गेले होते. कड्यावरची वाडी, रस्ता नाही. त्यांनी कंटूर बघून बघून एक अलाइनमेंट काढली. तीन हेअरपिन, एक मोरी, फार तर दोन ठिकाणी कातळ फोडावा लागला असता. साहेबांनी नकाशा उलटा धरून बघितला आणि म्हणाले, होणार नाही. ड्राफ्ट्समननं रेघा ओढायच्या, रस्ता कुठून जाईल ते सांगायचं नाही. नकाशा फायलीत गेला. वाडीतला आजारी माणूस अजून डोलीतून खाली येतो. "मी टपालानं काही मागवलं नाही," साबाकर म्हणाले. एवढंच. मग मनगट वर केलं. "पावणेसहा."

आई बरी होऊन घरी आली. आता संध्याकाळी गॅलरीत बसली की मला विचारते, "तिथे किती वाजले रे?" म्हणजे घरात आता दोघं झाली.

आमची मुलगी न्यू जर्सीला असते. या फेब्रुवारीत ती आणि जावई सेंट मार्टिनला जायचं म्हणाले. तिकडून ते काही फार लांब नाही. मी सहज म्हटलं, साबाकरकाकांचा आराखडा घेऊन जा. ही बातमी त्यांना कळली तेव्हा ते आधी पांढरे पडले. मूळ कागद हलवायचा नाही, यावर दोन दिवस गेले. शेवटी स्टेशनजवळच्या मोठ्या झेरॉक्सवाल्याकडे स्वतः उभं राहून प्रत काढली, तिचे चौकोनी तुकड्यांत फोटो काढून मुलीला पाठवले, वर फोन करून सांगितलं, "उत्तर दिशा नीट धर."

सगळं मिनिटाबरहुकूम जुळलं. बाकं जिथे दाखवली होती तिथेच होती. स्वच्छतागृह फक्त बारा पावलं पुढे सरकलं होतं, तशी नोंद झाली. चमच्याचं विमान उतरलं, ब्रेक लागला. आणि एका रात्री साडेआठला मुलीचा व्हिडिओ कॉल आला, थेट त्या रस्त्यावरून. आमच्या दिवाणखान्यात साबाकर, वहिनी, आई, मी, शिवाय तिसऱ्या मजल्यावरचं युरोपवालं जोडपंही आलेलं. साबाकरांनी फोन हातात घेतला आणि पुढची वीस मिनिटं सोडला नाही.

"थांब. डावीकडच्या कठड्यावर हात ठेव. दगड कसा लागतोय?"

"गरम आहे काका."

"गरम नाही विचारलं. सांधे बघ. दगड एकमेकांत कसे बसवलेत? आता पुढे चल. चढ वाढेल. वाढला? आता उजवीकडे वळण, एकदम."

वळण आलं. जावई कुठेतरी मागून 'बापरे' म्हणाला, त्याला उंचीची भीती आहे. मुलीनं फोन फिरवला. रस्ता एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर वळत खाली गेला होता, खाली तांबडी छपरं, आणि खाली, फार खाली, समुद्र. वाळू कुठेही नाही. साबाकर काही बोलेनात. आम्ही वेळ ऐकायची वाट बघत होतो.

शेवटी वहिनींनीच विचारलं, "अकरा ना?"

"हं," ते म्हणाले. मग घसा साफ करून, "कठडा माझ्या अंदाजापेक्षा बुटका आहे. दुरुस्ती करावी लागेल." खिशातून पेन्सिल निघाली.

मुलगी तिकडून ओरडली, "काका, आता तुम्ही दोघं याच! तुमच्या तक्त्यात मी बघितलंय. मे महिना बेस्ट आहे. वादळं जूनपासून, पुळण तोवर आलेली असते, भाडीही उतरलेली. मी सुट्टी काढते, तिकिटं मी काढते. मे नक्की?"

सगळ्यांच्या माना साबाकरांकडे वळल्या. आईसुद्धा पुढे वाकून बघू लागली.

"मे?" साबाकर फोनकडे अविश्वासानं बघत म्हणाले. "वेडी आहेस का? हापूस असतो."